डावा गुडघा, दुसऱ्यांदा

औसा रोडच्या या तळघरात भर दुपारीही
थंडी असते, मशीनला लागते म्हणून.
मन्मथ हालकुडे, वय चौसष्ट,
चष्मा, चिल्लर, करदोड्याची चांदीची पेटी
ट्रेमध्ये काढून ठेवतात.
"एकतीस वर्षं अहमदपूर डेपो," न विचारताच सांगतात,
"खाकी उतरली, हे डाव्याचं दुखणं काही उतरंना बगा."

गुडघ्याभोवती कॉइल आवळते,
कानात कापूस, हातात रबरी फुगा:
घाबरलात तर दाबा.
पाय मात्र हलवू नका.

पहिल्या खेपेची चित्रं येतात ती
ओल्या पाटीवरून बाही फिरावी तशी.
काचेतून बघते तर डावी टाच
हळूच पुढे रेटली जातेय,
थांबतेय, मागे येतेय,
पुन्हा रेटली जातेय.

"आप्पा, पाय!"
"डोळा लागला की ओ ताई.
ह्याची घरघर, आन् मला वाटलं
किनगावच्या पुढचा चढ आला.
गेर टाकायलो होतो."

दुसऱ्या खेपेला पावलावर वाळूची पिशवी.

मग पडद्यावर मांडीचं हाड, नडगीचं हाड
आणि मधे ती, राखाडी.
अहवालात कूर्चा लिहायचं, तोंडी गादी म्हणायचं.
तिला रक्त नाही, नस नाही,
झिजताना ती कुणाला कळवत नाही.
कळतं ते हाडाला, आणि फार उशिरा.
"लायनरवाणी," आप्पा म्हणाले होते बूट घालताना,
"सरल्यावरच रिवेट घासतो ड्रमला.
तवर गाडी मुकाट चालती."

माऊसनं एक रेघ ओढते, कडेपासून कडेपर्यंत.
आतली बाजू: एक पूर्णांक सहा मिलिमीटर.
उजव्याला, त्याच जागी, दोन पूर्णांक तीन.
ब्रेकचा पाय बरा आहे.
क्लचचा गेलाय.

पुन्हा मोजायचं, असा नियम आहे.
डोळे चोळते, पुन्हा ओढते.
एक पूर्णांक सात.
तिसऱ्यांदा सहा.

एक दशांश.
वर्षभरात ती झिजते म्हणे याहून पुष्कळ कमी,
केसाच्या जाडीहूनही कमी,
पडद्यावरच्या एका चौकोनात हरवेल इतकी.
म्हणजे माझ्या तर्जनीच्या थरथरीत
आप्पांची दोन-तीन वर्षं ये-जा करतात,
त्यांतल्या सगळ्या डबल बेल,
मुक्कामी गाडीच्या टपावरच्या रात्री,
शाळा सुटायच्या वेळी
हात न करताही थांबवलेली गाडी.

मशीन नवं आलं तेव्हा चाचणीला
माझाच गुडघा घातला होता.
दोन पूर्णांक आठ. सगळे हसले, तरणा आहे म्हणाले.
तेव्हापासून मी जिना उतरताना
कठड्याला हात लावते.

बाहेर बाकावर आप्पा चहा संपवून बसलेले.
"किती उरलंय, ताई?"
डॉक्टर सांगतील.
"ते सांगतेलच. तुमी मोजलंय न्हवं?
किलोमीटरमधी सांगा की."

माझ्याकडे ती पट्टी नाही.
मी म्हटलं, उद्या सकाळी अकरानंतर रिपोर्ट.
ते उठले, आधी उजवा टेकवून,
आणि भिंतीवरच्या बाणांकडे बघत
चुकीच्या दारानं निघाले, परत आले.

अहवाल टाइप केला. एक पूर्णांक सहा.
सातचा उल्लेख नाही, रकाना एकच असतो.
मोजणी: समीना पटेल.

पहिली खेप पुसायची असते.
शेरा लिहिला: रुग्णाची हालचाल, मोजणीस निरुपयोगी.
पुसली नाही.
चोवीस चित्रं आहेत, प्रत्येकात हाडाला दोन कडा,
एक थांबलेली,
एक चढाला लागलेली.